साहेबी बंगल्याचं धुराडं

पचमढीला इंग्रजांच्या काळातल्या एका बंगल्यात दोन दिवस मुक्काम काय केला, गिरधरभाऊंच्या डोक्यात जो साहेब शिरला तो निघेचना. सावद्याला परतले ते मोबाइलमध्ये साठ फोटो घेऊन, आणि नवं घर बांधायचं ते अस्संच, हे ठरवून. गोल खांब, उतरतं कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा आणि दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटी. मे महिन्यात जिथं केळीची पानं उभ्या उभ्या करपतात, तिथं ह्या माणसाला भिंतीत शेकोटी हवी होती!

त्यांच्या बायकोची, पुष्पाबाईंची, शेकोटीबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. साहेबाचं स्वयंपाकघर बंगल्यापासून वीस पावलं लांब, मागच्या अंगणात. साहेबाला म्हणे फोडणीचा वास सोसत नसे. जुन्या घरात अठ्ठावीस वर्षं पुष्पाबाईंनी मागच्या खोलीतच काढली होती. पुढे माणसं खो-खो हसायची आणि ह्या तव्यावरची पोळी उतरवून दारापर्यंत जाईतो हसणं संपलेलं असायचं. नव्या घरात तरी चारचौघांत बसून काम करावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते फार मनापासून हवं होतं.

नकाशा काढायला जळगावहून ऋतिका नावाची मुलगी आली, तेव्हा त्यांनी धीर करून विचारलं, "बाई, सैपाकघर दिवानखान्याले लागून नाही का व्हनार?"

"होईल की, काकू," ऋतिका म्हणाली.

भाऊ लगेच आडवे आले. "मंग तो बंगला कसा? ते तर आपलंच घर झालं!"

पुष्पाबाई गप्प बसल्या. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, अशी भाऊंची लग्नापासूनची समजूत. आता ह्या भल्या माणसाला सांगणार कोण?

बांधकाम अमळनेरकडच्या छगन मिस्त्रींना दिलं. मिस्त्रींच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, पण जन्मात कधी धुराडं बांधलेलं नव्हतं. तरी कागदावर होतं तसं त्यांनी छपराच्या वर सहा फूट चढवलं. भाऊ रोज सकाळी रस्त्यावर उभे राहून ते बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यालाही बघायला लावायचे.

डिसेंबरात वास्तुशांत झाली. दीडशे माणसं भरताला बोलावली होती. मागच्या अंगणात पुष्पाबाई आणि त्यांच्या दोन जावा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. पुढे भाऊंनी गावातल्या सगळ्यांत वडील माणसाला, सुकलाल नानांना, मखमली खुर्चीत बसवलं आणि मोठ्या थाटात शेकोटी पेटवली.

दोन मिनिटं सगळ्यांनी वा वा केलं. मग धूर वर जायचा सोडून दिवाणखान्यात फिरायला लागला. नाना खोकले, पाहुणे खोकले, भाऊंचे डोळे गळायला लागले.

"छगन! धूर वर का बरं जात नाही?"

"जाई कसा, भाऊ?" छगन मिस्त्री म्हणाले. "उघडं ठेवं तं बरसातमा पानी ई मझार. मी वरथून लादी बसाडी दिन्ही. बठ्ठं पॅक शे!" पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून धुराड्याचं तोंडच त्यांनी फरशीनं बंद केलं होतं, आणि वर त्यांना शाबासकीची अपेक्षा होती.

पुढच्या दारात दीडशे माणसांच्या चपलांचा ढीग. धडपडत जाणार कोण? सगळे मागच्या दारानं अंगणात पळाले. नानांना पोतं अंथरून पुष्पाबाईंच्या शेजारी बसवलं. डोळे पुसत नाना म्हणाले, "इंग्रज देश सोडून काऊन गेले, ते आज कयलं मले."

सगळं अंगण हसलं. पुष्पाबाईही हसल्या, हातातलं वांगं तसंच धरून, अगदी पोट दुखेपर्यंत. काय झालं, कशाला हसता, असं ह्या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांना इतका आनंद झाला की एक वांगं पार करपलं, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मग गोष्टीला गोष्ट लागली. लोक मिळेल तिथं टेकले, आणि नानांच्या बैलाची एक लांबलचक हकिगत सुरू झाली.

अर्ध्या तासानं भाऊ दारात आले. "चला, चला मंधी! धूर गेला सर्वा."

कुणी उठेना.

"तुमी जा," पुष्पाबाई म्हणाल्या. "आमचं बोलनं अर्धं राह्यलं."

भाऊंनी एकदा रिकाम्या बंगल्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते त्यांना बहुधा तेव्हा कळलं असावं. त्यांनी केळीचा एक रिकामा क्रेट ओढला आणि चुलीपाशी बसले. पुष्पाबाईंनी भाजलेल्या वांग्यांचं ताट त्यांच्यासमोर सरकवलं, सोलायला.