चार पायऱ्यांची परीक्षा

माझं डोकं तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत. पण त्या दिवशी चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या खारूला, म्हणजे माझ्या लेकीला, स्नायूंचा आजार. रक्तातून आलेला, माझ्या भावाला होता तोच. भावाला दोन औषधं एकामागून एक देऊन पाहिली, गुण शून्य. भाऊ गेला. आता डॉक्टर तीच दोन औषधं एकत्र देऊन बघणार होते. या प्रयोगात जागा वीसच. निवडीसाठी परीक्षा एकच: चार पायऱ्या चढायच्या, घड्याळ लावून.

परीक्षा म्हटल्यावर मी गप्प बसते होय? महिनाभर पोरीला जिन्यावर पिदडलं. "आई, पाय तुटतात गं!" "तुटू देत. नंबर लागला पाहिजे." शेवटचे दोन दिवस तर पलंगावरून उतरू दिलं नाही, पाय ताजे राहावेत म्हणून.

तपासणीच्या खोलीत चार लाकडी पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना कठडा. खारू भराभर चढली. मी टाळीच वाजवली. व्यायामोपचारवाल्या बाईंचा चेहरा मात्र पडला.

"चार सेकंद," त्या म्हणाल्या. "अहो, पाचाच्या वर हवेत. पाय इतके चांगले असले तर औषधाने फरक पडला की नाही, कळणार कसं? पत्रकात लिहिलंय की."

पत्रक वाचतंय कोण! मला सगळं आधीच कळतं ना!

"दहा मिनिटांनी पुन्हा चढायचंय. दोन्हींची सरासरी धरू," असं म्हणून बाई बाहेर गेल्या.

मी लेकीच्या कानाशी लागले. "हळू चढ. मुद्दाम. कुणाला कळतंय?"

सोळा वर्षांची ती, माझ्याच वळणावर गेलेली. फणकारली, "महिनाभर जीव काढलास, आता नाटक कर म्हणतेस? आकडा खोटा दिला तर मामाचं औषध चालतं की नाही, कुणाला कळणार? मी जोरातच चढणार."

"अगं, जागा जाईल!"

"जाऊ दे."

तेवढ्यात बाई आल्या. घड्याळ सुरू झालं.

पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर उजवा गुडघा लटपटला आणि ती दाणकन आपटली. बाई धावल्या, तिने हातानेच त्यांना थांबवलं. कठडा धरून, मांडीवर हात रोवून, दातओठ खात ती उठायला लागली. आईने अशा वेळी लेकीकडे बघावं. मी घड्याळाकडे बघत होते. सात, आठ. "थांब गं पोरी, अजून थोडं," मी मनातल्या मनात विनवत होते.

"अकरा सेकंद," बाई म्हणाल्या. "सरासरी साडेसात. घेतलं हिला."

मी हसले, चांगली खळखळून.

खारू वरच्या पायरीवर गुडघा धरून बसली होती. डोळे भरलेले. "हसतेस काय? मुद्दाम नाही पडले मी."

ते काय मला कळत नव्हतं? मी मेली आई की वैरीण! तिला पोटाशी धरून ढसाढसा रडले, पण मनातला आनंद काही केल्या जाईना.