तीन लाख सात हजार एकोणचाळीस

"या जगात कुणापुढे न वाकणारी एकच चीज उरली आहे, आणि ती माझ्या दुकानात आहे!" शिंपीकाकांनी जाहीर केलं. तोंडात टाचण्या असल्यामुळे टेलिफोनवाल्याला त्यातलं 'दुकानात' एवढंच कळलं.

"हो, दुकानातलाच नंबर बदलायचाय," तो म्हणाला. "सहा आकडी सगळे बंद. नवा आठ आकडी घ्या, नाहीतर लाइन तोडावी लागेल."

काकांनी टाचण्या काढल्या. "तीन लाख सात हजार एकोणचाळीस. मूळ संख्या आहे ती! एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्या बापाचा भाग जात नाही. बदलणार नाही."

काकांची हयात दुसऱ्यांच्या मापात गेली होती. लोक म्हणाले आखूड करा, केलं. सैल करा, केलं. स्वतःच्या डोक्यानं शोधलेली अशी ही एकच गोष्ट. दुकानात फोन बसला त्या वर्षी धंदा मंदीत होता, तेव्हा कापायच्या टेबलावर खडूनं त्यांनी एकेका मूळ संख्येनं भागून पाहिलं होतं. साडेपाचशेपाशी थांबले, कारण त्यापुढच्या कुणाचा भाग जाणार असता, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता.

टेलिफोनवाल्यानं मोबाइलवर बोटं चालवली. "जातोय की हो! चारशे एकोणऐंशी गुणिले सहाशे एक्केचाळीस."

काकांच्या हातातली कात्री उघडी ती उघडीच राहिली.

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या काकूंनी मान वर केली नाही. "चारशे सदुसष्टनं भागणं चाललं होतं, तेव्हा तो पँट फाटलेला गिऱ्हाईक आला होता ना? पिशवी मागे धरून? तुम्ही शिवून दिलीत, आणि बसलात ते थेट चारशे सत्त्याऐंशीवर. मधला राहिलाच."

"एका पँटीनं बुडवलं मला!"

"मग नवा नंबर लिहू?" टेलिफोनवाल्यानं संधी साधली.

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "त्या दोघांना पुढे कुणाचा भाग जातो?"

त्यानं पाहिलं. "नाही जात."

"म्हणजे एवढ्या मोठ्या आकड्यात दोघंच. तिसरं कुणी नाही." त्यांनी दातानं दोरा तोडला. "आमच्याकडे तरी पोरगी सासरी गेल्यापासून आणखी कोण आहे? नाही बदलायचा."

काकांची पाठ ताठ झाली. "ऐकलंत? आणि तुमचा नवा कितीनं जातो?"

"शेवटी आठ आहे. दोननं जाईल."

"दोननं!" विटका कपडा चिमटीत धरावा तसा काकांनी तो शब्द धरला. "त्याला कुणीही फाडेल. तोडा लाइन!"

"अहो काका, मुका फोन काय कामाचा?"

"मुका असेल, पण माझा आहे. तोडा."

टेलिफोनवाल्यानं वायर कापली, गुंडाळली आणि पायरी उतरू लागला. काकांनी रिसीव्हर पुसून जागच्या जागी ठेवला. मग दारापर्यंत येऊन त्यांनी घसा खाकरला.

"अहो, जरा तुमच्या मोबाइलवरून आमच्या पोरीला लावून देता? नंबर बदललेला नाही, एवढंच सांगायचंय."