नावाच्या चिठ्ठीखालचं छिद्र

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पण माझ्यावर कुणी कधी अक्षर गिरवलं नाही. माझं काम कण टिपण्याचं. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, भिंतीतूनही आरपार जातात असे बारीक कण. असा एखादा कण माझ्या अंगातून गेला की आत क्षणभर निळसर उजेड पडतो. माझ्या टोकाला बसवलेली काचेची नळी तो उजेड पाहते आणि तारेतून निरोप धाडते, "आला." एवढा एकच शब्द मला बोलता येतो. आणि त्या एका शब्दातही मी खोटं बोलले. ते सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

तीन देशांतल्या तीन कार्यशाळांनी मिळून एक भलंमोठं यंत्र बांधायचं ठरवलं होतं. त्यात माझ्यासारख्या हजारो पाट्या बसायच्या होत्या. पण पाटी नेमकी कशी असावी? म्हणून प्रत्येकीनं एकेक नमुना करायचा, सगळे एका जागी पारखायचे आणि चांगला ठरेल तो निवडायचा, असं ठरलं. त्यासाठी महिनोन् महिने पडद्यावर बैठका झाल्या. एकीकडे सकाळ असे तेव्हा दुसरीकडे जेवणाची वेळ, त्यामुळे कुणीतरी नेहमी तोंडात घास घेऊनच बोलत असे. पाटीची जाडी दहा मिलिमीटर असावी की बारा, यावर तीन आठवडे वाद चालला. शेवटी अकरावर समेट झाला. अकरा खरं तर कुणालाच नको होतं. अट मात्र एकमतानं ठरली: शंभर कण अंगातून गेले तर पाटीनं निदान पंच्याण्णव वेळा "आला" म्हणायला हवं.

आमच्या कार्यशाळेच्या मुख्य म्हणजे बाई. चणीनं लहान, चालणं भरभर. आणि मला घडवलं ते काकूंनी. काकू म्हणजे बाईंची सख्खी काकू बरं का, धाकट्या चुलत्यांची बायको. बाई शाळेत होत्या तेव्हापासून काकू त्या कार्यशाळेत कामाला. शाळा सुटली की छोट्या बाई तिथं येऊन काकूंच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायच्या. पुढे पुतणी साहेब झाली आणि काकू तिच्या हाताखाली आल्या. बाई "काकू" म्हणत, म्हणून शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळेच त्यांना काकू म्हणू लागले.

काकूंचं काम मला गुंडाळण्याचं. आधी चंदेरी कागद, त्यावर काळा कागद, त्यावर काळी चिकटपट्टी. बाहेरच्या उजेडाचा एक थेंबही आत येता कामा नये. कारण आतली काचेची नळी भोळी असते. उजेड कणाचा की दिव्याचा, हे तिला कळत नाही. ती आपली "आला, आला" म्हणत सुटते.

म्हणून काकूंचा एक नेम होता. गुंडाळून झालं की खोलीतले दिवे मालवायचे, माझी तार मोजणीच्या यंत्राला जोडायची आणि हातातला टॉर्च माझ्या कडाकोपऱ्यांवरून सावकाश फिरवायचा. एकदा नव्हे, तीनदा.

"तीनदा कशाला गं काकू? एकदा पुरत नाही का?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"पहिल्यांदा मी तिला बघते. दुसऱ्यांदा ती मला बघते. तिसऱ्यांदा दोघींची खात्री होते."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा तू हाक मारतेस, चला म्हणून."

मला न्यायचं होतं त्या सकाळीही हा नेम नीट पार पडला. मी पूर्ण बंद होते, अगदी गच्च. मग बाईंनी आमच्या कार्यशाळेचं नाव छापलेली एक पांढरी चिठ्ठी आणली आणि माझ्या कोपऱ्यावर चिकटवली. ती जरा वाकडी लागली.

"काकू, वाकडी बसली बघ. तीन देशांची माणसं बघणार, वाकडं नाव नको."

काकूंनी नखानं चिठ्ठी उचलली. तिच्याबरोबर काळ्या पट्टीचा, खालच्या कागदांसकट, तांदळाएवढा तुकडा वर आला. काकूंनी तो अंगठ्यानं परत दाबला आणि वर चिठ्ठी सरळ चिकटवली. मग त्यांचा हात टॉर्चकडे गेला.

"परत एकदा फिरवते हिच्यावरून."

"अगं, सकाळीच तीनदा झालंय की. खाली गाडी थांबलीय."

काकूंनी क्षणभर टॉर्च हातात धरला आणि खाली ठेवला. मित्रांनो, मोठ्या चुकीचा आवाज फार लहान असतो. टॉर्च टेबलावर ठेवल्याचा असतो तेवढा.

पारखणीची जागा म्हणजे खिडकी नसलेलं एक प्रचंड दालन. सिमेंटच्या जाड ठोकळ्यांची भिंत रचलेली, तिच्या आत आम्ही, आणि बाहेरच्या खोलीत माणसं. एका नळातून कणांचा झोत आमच्यावर येई. आमच्या पुढे आणि मागे एकेक भरवशाची जुनी पाटी उभी होती. दोघींनी "आला" म्हटलं, म्हणजे कण मधल्यांच्या अंगातूनही गेलाच. त्या वेळी मधली बोलली की नाही, एवढंच बाहेर मोजलं जाई.

माझ्या शेजारी उभी होती आजोबांची पाटी. आजोबा म्हणजे दुसऱ्या देशातल्या कार्यशाळेचे कारागीर. पांढऱ्या मिशा, बोलणं मोजून चार शब्द. त्यांनी सहा वर्षं त्या पाटीवर घालवली होती. ती नापास झाली तर त्यांच्याकडचं हे काम कायमचं बंद होणार होतं आणि त्यांच्या हाताखालची माणसं दुसरीकडे पांगणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

पहिल्या दिवशी, अंधारात, आमच्या तारा नीट जोडल्या आहेत ना, एवढीच तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. त्यानंतर, आम्ही जागेवर आहोत ना हे कॅमेऱ्यातून दिसावं म्हणून आमच्यासमोर एक दिवा लावण्यात आला. तो नेमका माझ्या नावाच्या चिठ्ठीवर पडत होता.

पांढरा पातळ कागद. त्याखाली, दाबलेला तुकडा सुटून पडलेलं तांदळाएवढं छिद्र. उजेड झिरपू लागला आणि मी बडबडू लागले.

तुमच्या वर्गात हजेरी चालू असताना एखादा मुलगा श्वासही न घेता "हजर, हजर, हजर" म्हणत राहिला, तर त्याची हजेरी चुकेल का? गुरुजी त्याचं नाव कधीही घेवोत, तो त्या क्षणी "हजर" म्हणतच असणार. माझं तसं झालं. मी कण आल्यावर बोलत होते, न आल्यावरही बोलत होते. मला जेव्हा जेव्हा विचारलं गेलं, तेव्हा मी बोललेलीच निघाले.

शंभरात नव्व्याण्णव!

तिसऱ्या देशाच्या पाटीचे आले सत्त्याऐंशी, आजोबांच्या पाटीचे त्र्याण्णव. ती बिचारी कण आला तरच बोलत होती.

सगळे माझ्याभोवती जमले. कुणी माझे फोटो काढले, कुणी काकूंचा हात हातात घेतला. बाई हसत होत्या, मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदा. आणि मी? मला कळत होतं की आतला सगळा उजेड माझा नाही. पण कौतुक गोड लागत होतं, मित्रांनो. गप्प कसं बसायचं हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण गप्प बसावंसं वाटलंही नाही, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि मोजणीच्या खोलीत काकू एकट्या होत्या. हे त्यांनीच पुढे माझी धूळ पुसतापुसता मला सांगितलं. कॅमेऱ्याकडे बघायला कुणी नाही, मग दिवा फुकट कशाला जळतोय, असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं. घरातली सवय, दुसरं काय. मी एकदम शांत झाले. पडद्यावरचे नव्व्याण्णव हळूहळू उतरले आणि एक्क्याण्णवावर थांबले. काकूंनी दिवा लावला. आकडा चढला. बंद केला, उतरला. तीनदा करून पाहिलं त्यांनी. त्यांचा नेमच तो.

मग त्यांनी दिवा लावून ठेवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मध्यान्हीला झोत बंद असताना आजोबा ठोकळ्यांच्या आत आले. काकू माझी तार सारखी करत होत्या. बाई पलीकडे कागद चाळत होत्या.

"ताई, एक विचारू?" आजोबा म्हणाले. "तुमचं गुंडाळणं मला बघू द्याल? माझं कुठं चुकलं ते कळेल. मग निवांत घरी जाईन."

काकू बाजूला सरकल्या. आजोबांनी वाकून माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"चिठ्ठीसुद्धा किती सरळ लावलीत," ते म्हणाले आणि गेले.

मित्रांनो, त्या बोटाखाली ते छिद्र होतं. माझे फुटून तुकडे व्हावेत असं वाटलं.

काकूंनी बाईंना हाक मारली, अगदी लहानपणच्या नावानं. "चिमे, इकडे ये."

त्यांनी चिठ्ठीची, टॉर्चची, दिव्याची सगळी हकिकत सांगितली. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कधी कळलं तुला?"

"काल दुपारी."

"आणि आज सांगतेस? अर्ध्या तासात निवड आहे, काकू. सगळ्यांनी मान डोलावलीय. आता कुणी विचारणारही नाही."

"म्हणूनच सांगते. विचारलं असतं तर उत्तर द्यावंच लागलं असतं."

"माझं नाव जाईल गं."

"चूक माझ्या हातची आहे. माझं नाव सांग."

बाईंनी माझ्या कोपऱ्यावरच्या चिठ्ठीला बोट लावलं. "गाडी थांबलीय असं मी म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. "आणि वाकडं नाव नको, हेही मीच."

अर्ध्या तासानं झोत सुरू झाला. बाहेर तिन्ही देशांची माणसं पडद्यासमोर उभी होती. बाईंनी दुसरं काहीच दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आकड्याकडे बघा," आणि दिव्याचं बटण बंद केलं.

अंधार झाला आणि मी खरं बोलू लागले. एक्क्याण्णव.

कुणी कुणाला रागावलं नाही. त्यानं मला जास्तच लाज वाटली. निवड आजोबांच्या पाटीची झाली. पंच्याण्णवाला तीही पुरत नव्हती, पण आणखी दोन तिच्यावर मिळवता येतील असं ठरलं. पुढे काकूच दोन महिने आजोबांच्या कार्यशाळेत जाऊन राहिल्या आणि तिथल्या माणसांना टॉर्च फिरवायला शिकवून आल्या. तीनदा.

मी परत आले. नावाची चिठ्ठी काढून टाकली गेली, पण छिद्र बुजवायचं नाही असं काकूंनी सांगितलं. कार्यशाळेत कुणी नवं माणूस आलं की आधी त्याच्या हाती टॉर्च देतात आणि मला पुढे करतात. "हिच्यात एक खोट आहे. शोध." तो कोपरा उजळला की मी लगेच बडबडू लागते. आजवर कितीतरी जणांना मी अशी सापडले. दरवेळी लाज वाटते, दरवेळी तेवढीच.

काकू निवृत्त झाल्या त्या दिवशी माझा निरोप घ्यायला आल्या. खोलीत लख्ख उजेड होता आणि माझी तार जोडलेली होती. त्यांनी मला पुसलं आणि आपला अंगठा त्या छिद्रावर ठेवून तसाच दाबून धरला. भरउजेडात मी गप्प झाले. आभाळातूनही असे कण अधूनमधून येतच असतात; तसा एखादा आला की तेवढी बोलायचे, "आला." पुन्हा गप्प.

"बघ, येतंय की तुला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हां पाट्यांची निगा राखायची म्हणजे नुसती धूळ पुसायची नव्हे. कुणाचे नव्व्याण्णव दिसले तर टाळी वाजवण्याआधी एकदा दिवा बंद करून बघा. आणि शेजारी कुणी त्र्याण्णव घेऊन मान खाली घालून उभं असेल, तर त्याला तेवढ्यावरून घरी पाठवू नका.