रुळावरची उपडी होडी

मित्रांनो, मला नुसता 'डबा' म्हणू नका. डबा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पोळीभाजी येते. माझा संबंध जेवणाशीच आहे हे खरं, पण मी आगगाडीचा भोजनडबा आहे. जुना, सागवानी आणि, लपवायचं कशाला, थोडासा गर्विष्ठ.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, त्याला आता नव्वद वर्षं होत आली. एका संस्थानिकाने पाहुण्यांच्या सरबराईसाठी मला बनवून घेतलं. आठ टेबलं, प्रत्येकावर पितळी दिवा, खिडक्यांना कातडी पट्टे आणि छताला सोनेरी वेलबुट्टी. गाडी वळणावर झुकली तरी रस्सा पाहुण्यांच्या मांडीवर येऊ नये म्हणून टेबलांच्या कडा बोटभर उंच ठेवल्या होत्या. ही युक्ती ज्या सुताराला सुचली त्याचं नाव मला ठाऊक नाही, याची अजून चुटपुट लागते.

पुढे संस्थानं गेली. तीसेक वर्षं मी बड्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांना गेलो आणि मग एका यार्डाच्या टोकाला पत्र्याखाली उभा राहिलो, तो तब्बल चाळीस वर्षं. माझ्या पोटात सिमेंटची पोती भरली. कोणीतरी सागावर, पितळेवर, अगदी काचांवरही एकच निळा रंग फासला. कबुतरांनी संसार थाटले. दोन टेबलं शेकोटीत गेली. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

तीन वर्षांपूर्वी माझं नशीब पालटलं. जुन्या डब्यांची शाही गाडी काढणाऱ्या एका कंपनीने मला विकत घेतलं आणि ट्रेलरवर चढवून वसई पूर्वेच्या कारखान्यांमधल्या एका उंच पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. खालची चाकं आणि सांगाडा नवा बसवला, जळालेली दोन टेबलं नव्याने केली, अंग मात्र माझंच राहिलं. तो निळा रंग तीन महिने खरवडून काढला. आतला साग दिसला तेव्हा कारागिरांनी हातातलं काम थांबवलं आणि नुसते बघत राहिले. मग चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचे चौदा थर, तेही कापडाच्या बोळ्याने, हाताने. दिव्यांची पितळ अशी लखलखली की कारागीर येता-जाता त्यात भांग पाडू लागले. या गाडीत पाहुणे तीन दिवस राहणार होते. समोर गरम सूप, खिडकीबाहेर सावकाश सरकणारी गावं आणि कुठेही पोचायची घाई नाही, हीच तिची खरी चैन.

पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! माझं लाकडी फळ्यांचं छत गळत होतं.

डबा रुळावर पाठवण्याआधी त्याची पाण्याची चाचणी होते. पंधरा मिनिटं वरून फवारे सोडतात. आत एक थेंब आला तरी नापास. मी दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा फटींत नवं रबरी रसायन भरलं होतं आणि दोन्ही वेळा टेबलावरचं पांढरं कापड भिजलं. मग मालकांचा निरोप आला. तिसऱ्यांदा गळला तर चाकं काढा आणि एका हॉटेलच्या हिरवळीवर ठेवून द्या, आत आइस्क्रीमचं दुकान काढू. मित्रांनो, आइस्क्रीमशी माझं वैर नाही. पण चाकं काढलेली गाडी ती काय गाडी?

माझ्या अंगाचं काम सुरुची नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होतं. ती जवळच्या आचोळ्याहून रोज स्कूटरवर यायची. एका रविवारी ती आईबरोबर सुके बोंबील आणायला वसईच्या किनाऱ्यावर पाचूबंदरला गेली. तिथे वाळूवर ओढलेल्या एका जुन्या लाकडी होडीत एक म्हातारा बादलीने पाणी भरत होता. तिला हसू आलं. "काका, होडीतलं पाणी बाहेर काढायचं असतं ना?"

"सुकलीय ती," म्हातारा म्हणाला. "तिला आदी पानी पाजाचं, मंग फटी बुजवाच्या."

सुरुचीचं हसू थांबलं, तिला माझं छत आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून तो म्हातारा, म्हणजे ऑगस्टीन काका, शेडमध्ये हजर झाले. आयुष्यभर त्यांनी लाकडी होड्या बांधल्या होत्या. आता सगळीकडे फायबरच्या होड्या आल्या होत्या आणि त्यांची पटाशी अकरा वर्षं बहुतेक वेळ पेटीतच पडून होती. ते शिडीने माझ्या छतावर चढले, रांगत रांगत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, फळ्यांना कान लावून टकटक करत राहिले.

"पोरी," ते वरूनच म्हणाले, "ह्यो डबा नाय. ही उपडी होरी हाय. चालीस वर्सं पान्याला तानेली. सुकल्या लाकरात तुमी रबर भरलात. लाकूर फुगलं का रबर भाहेर, सुकलं का फट परत मोकली."

मला कोणी 'ही' म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण नव्वद वर्षांत माझ्या छताचं दुखणं इतकं नेमकं कोणी ओळखलं नव्हतं, म्हणून मी मानून घेतलं.

शेडचे प्रमुख विघ्नेश सर मात्र कपाळाला हात लावून उभे राहिले. "अगं, आपण लीकेज थांबवायला निघालोय आणि तू छतावर पाणी ओतणार? हे काका आपल्याला पाणी पाजणार, लिहून ठेव."

"सर, दोनदा फेल झालोच आहोत," सुरुची म्हणाली. "पंधरा दिवस द्या. नाही जमलं तर जबाबदारी माझी, मालकांना माझं नाव सांगा." तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती मागे सरली नाही.

सोनेरी वेलबुट्टीच्या पट्ट्या तिने उतरवून ठेवल्या, फटींतलं रबर काढलं आणि माझ्या छतावर ओली गोणपाटं अंथरली गेली. पहिले दोन दिवस मी असा गळलो की खाली बादल्या पुरेनात. विघ्नेश सर यायचे, बादल्या मोजायचे आणि निघून जायचे. पाचव्या दिवशी धार थांबून थेंब राहिले. सातव्या दिवशी तेही थांबले. माझ्या फळ्या इतक्या वर्षांनी एकमेकींना टेकल्या होत्या. मला फार बरं वाटलं. यार्डातल्या पत्र्याखाली मी सुकलो होतो, आणि शेडमध्येही पाण्याच्या भीतीने मला कोरडंच ठेवलं होतं, तेही मायेपोटी.

मग छताला सावलीत सावकाश वाळू दिलं. ज्या फटी खरोखरच्या होत्या तेवढ्याच आता उरल्या. तेलात आणि राळेत भिजवलेल्या कापसाच्या वाती ऑगस्टीन काका बोथट पटाशीने त्यांत ठासत गेले. लाकूड फुगलं की कापूस दबतो, लाकूड आकसलं की पसरतो. प्रत्येक घाव घातल्यावर ते क्षणभर थांबून ऐकायचे. आवाज पोकळ आला की वात काढून पुन्हा भरायचे. वरून जाड कापड ताणलं, त्यावर रंग चढला आणि त्यांचं सगळं काम झाकून गेलं.

चाचणीच्या दिवशी आठही टेबलांवर पांढरी कापडं अंथरली होती. फवारे सुरू झाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सुरुची खुर्चीची पाठ घट्ट धरून वर बघत होती. पंधरा मिनिटांनी विघ्नेश सरांनी आठही कापडांवरून स्वतःचा हात फिरवला, मग बाहेर येऊन काकांचे दोन्ही हात धरले. "पाजलंत बुवा पाणी," ते म्हणाले. सगळी शेड हसली. मग त्यांनी विचारलं, "काका, आता गॅरंटी किती वर्षांची?"

"गारंटी कुनाची?" ऑगस्टीन काका म्हणाले. "मी बहात्तर वर्सांचा. होरीला दर वर्सी काठावर घेतात, तिचं बघतात, मंग ती नातवांनाबी पोसते. हिलाबी बघाला लागंल. मी नसन तवा कोन बघंल, ते बोला."

 मग सुरुचीने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. "मला शिकवा," ती म्हणाली.

शेडमध्ये पडलेल्या दोन जुन्या फळ्यांवर तिची शिकवणी सुरू झाली. तिने भरलेली पहिली वात काकांनी उपसून काढली. दुसरी काढली. तिसरीही काढली. तिचे तळहात लाल झाले आणि डोळ्यांत पाणी आलं, तरी काका काही ढिले पडले नाहीत. चौथ्या वेळी त्यांनी फळीला कान लावला आणि पुढच्या फटीकडे बोट दाखवलं.

आता मी पुन्हा धावतो. संध्याकाळी दिवे लागतात, पाहुणे चांदीच्या चमच्यांनी वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, खातात, पितळेचे आणि सागाचे फोटो काढतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू! पण वर्षातून एकदा मी शेडमध्ये परततो. यंदा शिडीवर सुरुची चढली. ऑगस्टीन काका खाली खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसले होते. सबंध सकाळभर त्यांनी तिला एकदाही थांबवलं नाही.

मित्रांनो, मला एकदा चकचकीत केलं म्हणून मी वाचलो नाही. मला जपणारा आणखी एक हात तयार झाला, म्हणून वाचलो. तुमच्या घरात, आळीत, बंदरावर असं जुनं काम जाणणारं कोणी असेल, तर फोटो काढून निघून येऊ नका. त्यांच्या शेजारी बसा. ते वात उपसायला सांगतील तितक्यांदा उपसा, आणि पुन्हा भरा.