तीन नंबरच्या खोलीतलं टेबल

प्रशिक्षण केंद्राच्या तीन नंबरच्या खोलीतलं टेबल प्रत्येक चुकीच्या प्रश्नाला हातभर लांब होतं. भोईटे सरांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. घातलंत, की टेबल वाढेल, आणि वाढलेलं टेबल पुन्हा कमी होत नाही. आम्ही सगळे दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेले फौजदार. निमूटपणे वहीत लिहून घेतलं.

सरावासाठी मला साक्षीदार म्हणून माझी आई मिळाली. ती वारून तीन वर्षं झालीत, पण हजेरीपटावर तिचं नाव होतं आणि नावापुढे अंगठा.

नऊ वर्षांपूर्वी दगडखाणीवर खून झाला, तो पाहणारी एकटी आईच. तिची फिर्याद याच भोईट्यांनी घेतली. घेतली कसली, डोंबल! आई ठाण्यात पोचली तेव्हा कागद तयार होता. मी बाकावर बसून पाहिलं, शाई वाळलेली होती. ‘माझा मुलगा सुदाम यानेच दगड घातला.’ आईला वाचता येत नव्हतं. अंगठा घेतला, चहा पाजला, घरी पाठवलं. माझा भाऊ अजून आत आहे. आणि हा माणूस आम्हाला ऐकायचं कसं ते शिकवतो! पुढच्या आठवड्यात सुदामचं अपील आहे. घरात आईला मी हे कधीच विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

"आई, तू सुदामचं नाव घेतलंच नव्हतंस ना?"

टेबल करकरलं. आई खुर्चीसकट हातभर मागे गेली.

"उले, किती बारीक झालीस गं," ती म्हणाली. "जेवतीस का न्हाई येळेवर?"

"यांनी तुला धमकावलं. हो की नाही?"

"दोन," मागून भोईटे म्हणाले.

नियम मला पाठ होता. पण नऊ वर्षं जी उत्तरं दाताखाली धरली होती, ती प्रश्न होऊन बाहेर पडत होती. दगड घालणारा खाणीचा मुकादमच होता ना? सुदाम तेव्हा घरी झोपला होता ना? समोरची भिंत टेबलाला जागा देत सरकत गेली. छताला दोन पंखे होते, आता अकरा झाले.

"मॅडम, साक्षीदाराला विचारताय की माझ्यावर राग काढताय?"

"तुम्ही थोबाड बंद ठेवा!"

टेबल हललं नाही. मी साक्षीदाराला काही विचारलं नव्हतं.

आई आता मुठीएवढी दिसत होती. मी घसा ताणून ओरडले, "आई, त्या दिवशी काय झालं, ते सांग."

टेबल जागच्या जागी राहिलं. आईनं पदर सारखा केला आणि बोलायला लागली. खूप वेळ बोलली. एकदा हात उचलून कुणाकडे तरी बोट दाखवलं, एकदा डोळे पुसले. माझ्यापर्यंत एक अक्षर पोचलं नाही. मी उठून तिच्याकडे चालू लागले, पण कितीही चाललं तरी माझी खुर्ची माझ्याखालीच होती.

"तास संपला," भोईटे म्हणाले. "जबाबाचा कागद द्या."

मी खाली पाहिलं. पान शेवटच्या ओळीपर्यंत भरलं होतं. ‘माझा मुलगा सुदाम निर्दोष आहे.’ अक्षर माझंच होतं. शाईवरून बोट फिरवलं, ती केव्हाच वाळली होती.

पलीकडे आई अजून सांगतच होती.