यंत्राची खंडेनवमी

लोक धूर बाहेर जावा म्हणून धुराडं बांधतात. सांगलीच्या कॉलेजातल्या राजमती चौगुलेनं मात्र खपून खपून धूर करायचं यंत्र उभं केलं, तेही उंदरांसाठी! विजेच्या भट्टीत जस्त तापवायचं, वाफ वाऱ्यात निवली की डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक कण होतात, ते काचेच्या पेटीतल्या उंदरांना हुंगायला द्यायचे. "मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारं आपलं जैनाचं घर, आन् तू उंदरांच्या मागं लागलीस!" आई म्हणायची.

पण तिचा मिस्त्री कृष्णात पूर्वी पितळेच्या ओतकामात होता. ओतकामाच्या दिवशी संध्याकाळी त्याला हुडहुडी भरायची. "लय थंडी वाजायची बाई, आन् सकाळी ठणठणीत!" कुणी म्हणे हिवताप, कुणी म्हणे नजर. हा पितळेतल्या जस्ताच्या धुराचाच प्रताप, असं राजमतीचं म्हणणं. ते तिला सिद्ध करायचं होतं. चौऱ्याहत्तर साली यंत्राला पैसे देणाऱ्या पुण्याच्या संस्थेचे डॉक्टर लालासाहेब घोरपडे यंत्र तपासायला येणार होते. पसंत पडलं तर काम चालू, नाही तर यंत्र सुटं करून पुण्याला रवाना.

आणि साहेबांनी दिवस धरला तो नेमका खंडेनवमीचा!

सकाळी राजमती येऊन बघते तर भट्टीला कुंकू, पेटीला झेंडूची माळ, आणि वारा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीच उदबत्त्यांचा जुडगा.

"मामा, नळीची गाळणी कुठाय?" तिनं कृष्णातला विचारलं.

"धुतली की! खंडेनवमीला अवजार धुवायचं न्हाई तर कवा? लय काळी पडली हुती."

वाऱ्यातली धूळ अडवणारी ती जाड गाळणी दोरीवर कृष्णातच्या टॉवेलाशेजारी ठिबकत होती. राजमतीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या घरी पाणीसुद्धा गाळल्याशिवाय ओठाला लागत नसे, आणि इथं सगळा वाराच न गाळता आत!

तेवढ्यात साहेब आलेच. "भट्टी बंद ठेवून दाखवा. कण मोजायचा काटा खाली हवा."

काटा बसला होता पार टोकाला. राजमतीनं काय घडलं ते सरळ सांगून टाकलं.

"प्रयोगशाळा आहे की देवघर?" साहेब कडाडले आणि बाहेर निघून गेले. कृष्णातनं हात जोडून उदबत्त्या अंगणात नेल्या, खिडक्या सताड उघडल्या. काटा हळूहळू उतरला, तसा राजमतीचा जीव भांड्यात पडला.

साहेब परतले, नळीपाशी वाकले. काटा टुणकन वर! मागं सरले, काटा खाली. पुन्हा वाकले, पुन्हा वर.

"यंत्रच बिघडलंय तुमचं!"

साहेबांनी उंबऱ्यात सिगारेट विझवलेली राजमतीनं पाहिली होती. बोलावं तर ज्याच्या हातात आपलं काम, त्यालाच दुखवायचं. गप्प बसावं तर यंत्र पुण्याला.

"यंत्र बरोबर आहे, साहेब. तुमच्या श्वासातून अजून सिगारेटचा धूर निघतोय. थोडा वेळ बाहेर थांबा."

"मेलो आता!" कृष्णात पुटपुटला.

साहेब लालबुंद झाले. पण गेले बाहेर. खिडकीतून बघत राहिले. काटा उतरला आणि तिथंच राहिला.

ऑक्टोबरचं ऊन कडक, दुपारपर्यंत गाळणी खडखडीत वाळली. राजमतीनं ती नळीला बसवून भट्टी चालू केली. काटा तिला हवा होता तेवढाच चढला आणि खिळा ठोकल्यागत थांबला. साहेबांनी लांबूनच काट्याकडं बोट केलं.

"उंदरांना देणार तो धूर एवढाच?"

"एवढाच."

"आणि माझ्या श्वासाला काटा कुठं होता?"

राजमतीनं बोट ठेवलं. चांगलं वीतभर पुढं.

साहेब खो-खो हसले. "यंत्र इथंच राहील, बाई." मग खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर हात ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "उंदरांचं काय होतंय ते मात्र मला आधी कळवा. त्यांच्यापेक्षा माझा डोस मोठा आहे."