शेजारची दावण

"भूक म्हणजे सृष्टीचं इंजिन! आणि त्या इंजिनाचा ब्रेक आपण आज शोधतोय, हरिबा!" भाटघरजवळच्या गोठ्यात उभं राहून संशोधक सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात धनाजीच्या शेळीनं त्यांच्या हातातली रक्ताच्या नमुन्यांची यादी ओढली आणि ब्रेक न लावता गिळली.

हरिबा गुरांच्या दवाखान्यातले परिचर. एकतीस वर्षं त्यांनी जनावराची मान धरली आणि सुई दुसऱ्यांनी टोचली. सरकारदरबारी याला अनुभव म्हणतात. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. गुडघे आधीच झाले होते.

"नळ्यांवर नुसते आकडे आहेत हो!" मॅडम रडकुंडीला आल्या.

"लिवा. एक, हनुमंताची म्हस, डावं शिंग मोडकं. दोन, ठकुबाईची मेंढी, ती खोकती..."

सगळी जनावरं त्यांनी न अडखळता सांगितली.

दुपारी ठकुबाईंच्या ओसरीवर मॅडमनी चौथी भाकरी मोडली. "पोट भरलं की मेंदूला 'पुरे' असा निरोप धाडायचा, हे लेप्टिनच्या जनुकाचं काम. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळ्यांत ते असतं. पण प्रत्येकीत जरा निराळं."

"तुमच्या निरोपाची यष्टी चुकली जनू," ठकुबाई म्हणाल्या आणि पाचवी वाढली.

हरिबांची भाकरी फडक्यात तशीच होती.

"मॅडम, मानसात असतं का वो ते?"

"असतं की. का?"

"घरची जेवत न्हाई. दोन महिनं झालं. घोटभर पेज घेती, की पुरे. पुन्याला नेलं, समदं तपासलं. काय सापडलं न्हाई. तुमी जरा नळीभर रगात बघता का तिचं?"

मॅडमचा हात ताटातच थांबला. "त्यावरून काही सांगता येणार नाही, हरिबा. माझं काम जनावरांपुरतंच आहे."

"व्हय. ती बी म्हनती, मला जनावरावानी धरू नगा."

शेवटचा नमुना गेनूच्या गाईचा. तिनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं. हरिबांनी ताप पाहिला, पोट चाचपलं, आणि ठकुबाईंची खादाड कालवड आणून तिच्याच दावणीला बांधली. कालवड मचमच आवाज करत वैरणीवर तुटून पडली. गाय बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं एक काडी ओढली. मग दुसरी.

"यामागचं शास्त्र काय?" मॅडमनी वही काढली.

"शास्त्र कसलं? एकटीला खायाचा कटाळा येतो."

संध्याकाळी नळ्या बर्फाच्या पेटीत बसल्या. मॅडम जीपमध्ये चढल्या. "चार जातींचे चाळीस नमुने! हरिबा, शोधनिबंधात तुमचे आभार मानणार आहे मी. नावानिशी!"

हरिबांनी जीपचं दार धरून ठेवलं होतं, मान धरावी तसं.

"नाव नगं, मॅडम. माजं घर वाटंवरच हाय, कामथडीला. घटकाभर येता का? म्या शेजारी बसतो, पन माज्याच गळ्याखाली उतरत न्हाई, आन ते तिला कळतं. तुमी काय तपासू नगा. इचारू बी नगा. नुसतं तिच्या शेजारी बसून पोटभर जेवा."